दूरच्या दीर्घिकांतील सुपरनोव्हा: शोध आणि वर्गवारी

आपल्या आकाशगंगेएवढ्या दीर्घिकेत शंभर वर्षांत साधारण एक-दोन ताऱ्यांचा स्फोट होतो. या स्फोटाला सुपरनोव्हा किंवा अतिनवतारा म्हणतात. स्फोटानंतर काही आठवडे तो एकटा तारा अब्जावधी सूर्यांच्या तोडीचा प्रकाश देतो. त्यामुळे कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेतला, एरवी बहुतेक दुर्बिणींतून वेगळा न दिसणारा तारा अखेरच्या काळात ठळकपणे दिसू लागतो. एकाच दीर्घिकेवर नजर ठेवून बसले तर माणसाचे आयुष्य सरून जाईल, पण लाखो दीर्घिका रोज रात्री तपासल्या तर रोज काही ना काही हाती लागते. सुपरनोव्हाशोधाचे सगळे तंत्र या साध्या गणितावर उभे आहे. मात्र प्रकाशाचा नवा ठिपका सापडणे हा कामाचा निम्माच भाग झाला. तो ठिपका नेमका कशाचा, हे ठरवण्याचा भाग अधिक कष्टाचा आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत ठिपके शोधणे जितके सोपे झाले, तितके ते ओळखणे झालेले नाही. या विषयाकडे पाहताना ही तफावत सतत ध्यानात ठेवावी लागते.

दुर्बीण नव्हती तेव्हा फक्त आकाशगंगेतलेच स्फोट दिसत. इ.स. १०५४ च्या जुलैत वृषभ तारकासमूहात एक नवा तारा प्रकटला. चिनी नोंदींप्रमाणे तो २३ दिवस भरदिवसाही दिसत होता. त्याचे अवशेष म्हणजे आजचा क्रॅब नेब्युला. एवढी ठळक घटना भारतातल्या ज्योतिष्यांनी टिपली नसेल का, हा प्रश्न पुण्यात गांभीर्याने हाताळला गेला. जयंत नारळीकर आणि संस्कृतच्या अभ्यासक सरोजा भाटे यांनी जुन्या वाङ्मयात अशा नोंदींचा शोध घेतला आणि त्याविषयीचा लेख २००१ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. निःसंदिग्ध म्हणता येईल अशी नोंद हाती आली नाही. तरीही खगोलशास्त्रज्ञ आणि संस्कृततज्ज्ञ एकत्र बसून पुरावा तपासतात आणि पुरावा नसेल तर तसे छापतात, ही पद्धत अनुकरणीय आहे. आकाशगंगेत नुसत्या डोळ्यांनी दिसलेला शेवटचा निर्विवाद सुपरनोव्हा १६०४ सालचा, केप्लरने निरखलेला. पुढच्या चारशे वर्षांत या विषयाचे जे ज्ञान मिळाले, ते जवळजवळ सगळे इतर दीर्घिकांतून आले.

‘नोव्हा’ आणि ‘सुपरनोव्हा’ हे दोन वेगळे प्रकार आहेत, हे वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३४ साली मांडले. सामान्य तारा कोसळून न्यूट्रॉन तारा बनताना हा स्फोट होत असावा, असा तर्कही त्यांनी तेव्हाच केला. न्यूट्रॉनचा शोध लागून त्या वेळी जेमतेम दोन वर्षे झाली होती. झ्विकी तर्क मांडून थांबला नाही. कॅलिफोर्नियातल्या पालोमार डोंगरावर १८ इंची, रुंद दृष्टिक्षेत्राची श्मिट दुर्बीण बसवून त्याने १९३६ पासून दीर्घिकांचे पुन्हा पुन्हा फोटो घेतले आणि जुन्या फोटोशी नवा फोटो ताडून पाहिला. या पद्धतीने त्याने हयातभरात शंभराहून अधिक सुपरनोव्हा शोधले. आजची स्वयंचलित सर्वेक्षणे याच पद्धतीने चालतात. फरक इतकाच, की जुन्या कॅमेऱ्याच्या जागी डिजिटल कॅमेरा आला आणि ताडून पाहण्याचे काम संगणकाकडे गेले.

वर्गवारीची पहिली रेघ रुडॉल्फ मिन्कोव्स्की याने १९४१ साली ओढली. त्याच्यापुढे अवघ्या १४ सुपरनोव्हांचे वर्णपट होते. त्यांतल्या नऊंमध्ये हायड्रोजनची खूण दिसत नव्हती, पाचांमध्ये ती स्पष्ट होती. पहिल्यांना त्याने टाइप १ म्हटले, दुसऱ्यांना टाइप २. झ्विकीने पुढे टाइप ३, ४ आणि ५ असेही गट पाडले, पण ते टिकले नाहीत. मिन्कोव्स्कीची रेघ मात्र आजही तशीच आहे. ती टिकली याचे कारण असे, की स्फोट कशामुळे झाला याचा अंदाज न बांधता प्रकाशात जे दिसले तेवढ्यावरच ती आखलेली होती. शास्त्रात अंदाज बदलतात, वर्णपटातली खूण बदलत नाही.

पण याच गुणातून एक अडचणही निघाली, आणि नवख्या वाचकाचा गोंधळ नेमका तिथे होतो. १९८० च्या दशकात लक्षात आले, की हायड्रोजन नसलेल्या टाइप १ मध्ये तीन वेगळ्या जाती मिसळल्या आहेत. एकीत सिलिकॉनची ठळक खूण असते, तिला १ए म्हणतात. दुसरीत सिलिकॉन ठळक नसते पण हेलियम असते, ती १बी. तिसरीत ठळक सिलिकॉनही नाही आणि हेलियमही नाही, ती १सी. यांतल्या १बी आणि १सी या नावाने टाइप १ असल्या, तरी स्वभावाने टाइप २ च्या सख्ख्या बहिणी आहेत. सूर्याच्या सुमारे आठपट किंवा त्याहून जड ताऱ्याच्या पोटातले इंधन संपते, लोखंडाचा गाभा स्वतःच्या वजनाखाली क्षणार्धात कोसळतो आणि वरची आवरणे उधळली जातात. अशा ताऱ्यावर हायड्रोजनचे आवरण शिल्लक असेल तर टाइप २ दिसतो. वाऱ्याने किंवा जोडीदार ताऱ्याने ते आधीच ओरबाडून नेले असेल तर १बी, आणि हेलियमही गेले असेल तर १सी. १ए ची कथा अगदी निराळी. तिथे गाभा कोसळत नाही. कार्बन आणि ऑक्सिजनचा बनलेला, पृथ्वीएवढ्या आकाराचा श्वेतबटू तारा जोडीदाराकडून वस्तुमान मिळाल्यावर अणुभट्टीसारखा पेटतो आणि समूळ उधळला जातो. मागे न्यूट्रॉन तारासुद्धा उरत नाही. श्वेतबटूच्या वस्तुमानाला सूर्याच्या सुमारे १.४ पट ही मर्यादा आहे, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी विशीत असताना काढलेले गणित या सगळ्या चर्चेच्या मुळाशी आहे.

वर्णपट वाचणे म्हणजे नेमके काय, हे १ए च्या उदाहरणावरून पाहता येते. प्रयोगशाळेत आयनीभूत सिलिकॉनची एक खूण ६३५.५ नॅनोमीटर तरंगलांबीला मिळते. १ए सुपरनोव्हाच्या वर्णपटात, दीर्घिकेच्या स्वतःच्या ताम्रसृतीची, म्हणजे प्रकाश लाल बाजूला सरकण्याची, वजावट केल्यावर, तीच खूण ६१५ नॅनोमीटरच्या आसपास रुंद दरीसारखी दिसते. खूण निळ्या बाजूला सरकली, याचा अर्थ सिलिकॉन आपल्या दिशेने येते आहे. हिशेब केला तर वेग सेकंदाला सुमारे १०,००० किलोमीटर निघतो. दरी रुंद आहे, कारण उधळलेल्या द्रव्याचे वेगवेगळे थर वेगवेगळ्या वेगाने धावत आहेत. एकाच खुणेवरून मूलद्रव्य, वेग आणि स्फोटाला किती दिवस झाले याचा अंदाज, अशा तीन गोष्टी मिळतात. मग संगणक हा वर्णपट आधी ओळखलेल्या शेकडो वर्णपटांशी जुळवतो आणि सर्वांत जवळची जात सुचवतो. ती सूचना तशीच स्वीकारता येत नाही. दीर्घिकेचा प्रकाश मिसळला असेल तर खुणा फिक्या पडतात, आणि काही आठवडे उलटून गेलेला १ए हा १सी सारखा भासू शकतो.

वर्णपटाच्या जोडीला तेजाचा आलेख लागतो. टाइप २ मध्ये तेज सुमारे शंभर दिवस जवळजवळ स्थिर राहिले तर २पी, सरळ उतरत गेले तर २एल. १ए चा प्रकाश स्फोटात तयार झालेल्या किरणोत्सारी निकेल-५६ वर चालतो. सहा दिवसांच्या अर्धायुष्याने त्याचे कोबाल्ट होते, आणि ७७ दिवसांच्या अर्धायुष्याने कोबाल्टचे लोखंड. रक्तातले आणि विळ्याच्या पात्यातले लोखंड बऱ्याच अंशी असेच बनले आहे. काही स्फोट मात्र वर्गाच्या चौकटी मोडतात. एम८१ दीर्घिकेत १९९३ साली सापडलेला १९९३जे सुरुवातीला टाइप २ होता. काही आठवड्यांत हायड्रोजन विरले आणि हेलियम वर आले. अशांसाठी २बी हा वर्ग रूढ झाला. ताऱ्याने मरणापूर्वी सोडलेल्या वायूवर स्फोट आदळला तर हायड्रोजनच्या अरुंद रेषा दिसतात, तो २एन. २०२१ साली सापडलेल्या २०२१वायएफजे या सुपरनोव्हात तर सिलिकॉनपर्यंतचे आतले थर उघडे पडलेले आढळले आणि २०२५ मध्ये त्याच्यासाठी नवा वर्ग सुचवावा लागला. वर्गवारी हे पूर्ण झालेले कोष्टक नव्हे, हे अशा उदाहरणांवरून कळते.

या कोष्टकातली रिकामी घरे कुठे आहेत, हा प्रश्न ज्यांनी सर्वांत नेटाने विचारला त्यांचे गाव कोल्हापूर जिल्ह्यातले कुरुंदवाड. श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म तिथला, १९५६ चा. बालपण हुबळीत गेले, शिक्षण दिल्लीच्या आयआयटीत आणि पुढे बर्कलीला झाले. कॅलटेकमध्ये त्यांनी स्फोटांचे कमाल तेज एका अक्षावर आणि तेज ओसरायला लागणारा काळ दुसऱ्या अक्षावर मांडला. नोव्हा आणि सुपरनोव्हा यांच्यामध्ये तेजाची मोठी पोकळी दिसत होती. निसर्गात तिथे काही घडतच नाही, की आपण नीट पाहिलेले नाही? २००७ साली त्यांच्या गटाने एम८५ दीर्घिकेतला एक स्फोट नेमका या पोकळीत बसतो, असे दाखवले. दोन तारे एकमेकांत विलीन होताना तो घडला असावा. पोकळी भरायची तर आधी दीर्घिका निवडून त्यांच्याकडे पाहणे सोडून सगळे आकाशच पुन्हा पुन्हा पाहायला हवे, या विचारातून २००९ साली पालोमार ट्रान्झियंट फॅक्टरी उभी राहिली. पालोमारवरच्याच ४८ इंची श्मिट दुर्बिणीने आकाश टिपायचे आणि ६० इंची व त्याहून मोठ्या दुर्बिणींनी सापडलेल्या ठिपक्यांची ओळख पटवायची, अशी ही जोडणी होती. शोध आणि वर्गवारी सुरुवातीपासून एकत्र बांधणे, हा कुलकर्णी यांच्या योजनेतला सर्वांत मोलाचा भाग मानावा लागेल.

त्याचे फळ २४ ऑगस्ट २०११ ला मिळाले. सप्तर्षीतल्या वसिष्ठ आणि मरीची या ताऱ्यांजवळच्या एम१०१ दीर्घिकेत, २ कोटी १० लाख प्रकाशवर्षांवर, २०११एफई हा १ए सुपरनोव्हा स्फोटानंतर सुमारे अकरा तासांत टिपला गेला. जात त्याच दिवशी कळली. इतक्या लवकर तो हाती लागल्यामुळेच फुटलेल्या ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या पन्नासाव्या हिश्शाहून मोठी नव्हती, हे सिद्ध करता आले. १ए मध्ये श्वेतबटू फुटतो, या समजुतीला इतका थेट आधार त्याआधी नव्हता. याच सर्वेक्षणातून नेहमीच्या सुपरनोव्हापेक्षा कित्येक पट तेजस्वी आणि हायड्रोजनविरहित स्फोटांचा गटही ओळखला गेला. कुलकर्णी यांना २०२४ चा शॉ पुरस्कार मिळाला, त्यामागच्या कारणांत हे कामही आहे.

२०१८ पासून त्याच ४८ इंची दुर्बिणीवर झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी चालते. तिचा ६० कोटी पिक्सेलचा कॅमेरा एका वेळी ४७ चौरस अंश आकाश टिपतो, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रासारख्या दोनशेहून अधिक चकत्या मावतील एवढे. नव्या चित्रातून जुने चित्र वजा केले, की फक्त बदल उरतो. तो बदल सुपरनोव्हाचा असेलच असे नाही. सरकणारा लघुग्रह, रूपविकारी तारा, दीर्घिकेच्या केंद्रातल्या कृष्णविवराभोवतीची खळबळ, कॅमेऱ्यावर आदळलेला वैश्विक किरण किंवा वजाबाकीत राहिलेली चूक, यांपैकी काहीही असू शकते. एका रात्रीत लाखो इशारे निघतात. ते माणसाने पाहणे शक्य नाही. खरे आणि खोटे ठिपके वेगळे करायला संगणकाला शिकवण्याच्या कामात पुण्याच्या आयुकात संशोधन करून कॅलटेकला गेलेल्या आशिष महाबळ यांचा मोठा वाटा आहे. कॅटालिना सर्वेक्षणापासून ते हे काम करत आले. २०२३ मध्ये एक सुपरनोव्हा मानवी हस्तक्षेपाशिवाय सापडला, निवडला गेला, त्याचा वर्णपट घेतला गेला आणि जातही जाहीर झाली. २०२४ अखेर झ्विकी फॅसिलिटीच्या तेजस्वी स्फोटांच्या सर्वेक्षणाने वर्णपटावरून जात ठरवलेल्या सुपरनोव्हांचा १०,००० चा टप्पा ओलांडला. मिन्कोव्स्कीकडे १४ होते, हे आठवले म्हणजे ही झेप कळते.

नाव देण्याच्या पद्धतीतही शोध आणि ओळख यांतला फरक जपलेला आहे. २०१६ पासून नवा ठिपका नोंदला गेला, की त्याला ‘एटी’ हे उपपद, वर्ष आणि रोमन अक्षरे मिळतात. वर्णपटाने खात्री पटल्यावरच ‘एटी’ जाऊन ‘एसएन’ लागते. नोंदीतले बहुसंख्य ठिपके कायम ‘एटी’च राहतात, कारण त्यांचा वर्णपट घ्यायला दुर्बीण मोकळी नसते.

भारताचे महत्त्व इथे येते. कॅलिफोर्नियात दिवस उजाडतो तेव्हा लडाखमध्ये रात्र सुरू होते. स्फोटानंतरच्या पहिल्या काही दिवसांत वर्णपट तासागणिक बदलतो, आणि रेखांशांची साखळी तुटली तर तो भाग कायमचा हरवतो. महाराष्ट्रात आयुकाने पुणे जिल्ह्यातल्या गिरवली इथे २००६ मध्ये दोन मीटरची दुर्बीण उभारली. मंद वस्तूंचे वर्णपट घेण्याचे उपकरण तिच्यावर आहे. सह्याद्रीच्या कुशीत पावसाळ्याचे महिने वाया जातात, ही तिची मर्यादा. लडाखमधल्या हॅनले इथे ४,५०० मीटर उंचीवर भारतीय ताराभौतिकी संस्थेची दोन मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे. जी. सी. अनुपमा, देवेंद्र साहू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या साहाय्याने अनेक सुपरनोव्हांची जात ठरवली आणि महिनोन्महिने त्यांचा पाठपुरावा केला. तिच्या शेजारीच ७० सेंटिमीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण २०१८ पासून काम करते. ती मुंबईची आयआयटी आणि ताराभौतिकी संस्था यांची आहे, पवईहून दूरनियंत्रणाने आणि बरेचदा आपोआपच चालते.

१९ मे २०२३ ला जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना त्याच एम१०१ मध्ये २०२३आयएक्सएफ सापडला. तो टाइप २ होता. हॅनलेच्या दुर्बिणींनी आणि ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या अतिनील दुर्बिणीने पहिल्याच आठवड्यांत त्याची निरीक्षणे घेतली. ताऱ्याने मरणापूर्वी सोडलेल्या वायूच्या अरुंद रेषा सुरुवातीला ठळक होत्या आणि पाहता पाहता पुसल्या गेल्या. उशीर झाला असता तर हा दाट वायू दिसलाच नसता. या सुपरनोव्हाचे कमाल तेज अकराव्या प्रतीच्या आसपास होते, म्हणजे आठ इंची हौशी दुर्बिणीच्या आवाक्यातले. बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडसारख्या गावाहून मे महिन्यात रात्री एम१०१ उत्तरेला क्षितिजापासून ५५ अंशांहून अधिक उंच येते, त्यामुळे शहराच्या उजेडापासून दूर असलेल्या अशा गावांतून ते पाहणे शक्य होते. अक्षांशाचे महत्त्व उलट्या उदाहरणाने अधिक कळते. चारशे वर्षांत प्रत्यक्ष दिसलेला सर्वांत जवळचा, १९८७ए हा सुपरनोव्हा मोठ्या मॅगेलनिक मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत झाला. धाडहून तो आकाशातल्या आपल्या सर्वोच्च स्थानीही क्षितिजाला जेमतेम टेकला असता. नुसत्या डोळ्यांनी दिसण्याजोगा हा स्फोट विदर्भाच्या वाट्याला आला नाही.

दृश्य प्रकाश ओसरल्यावर रेडिओलहरी उरतात. स्फोटाची लाट ताऱ्याभोवतीच्या वायूतून पुढे सरकताना त्या निघतात. नारायणगावजवळच्या खोडद इथल्या जीएमआरटीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना त्या लांब तरंगलांबीवर टिपतात. पूनम चंद्रा, अलक राय आणि संजय भटनागर यांनी जीएमआरटीची १९९३जे ची निरीक्षणे अमेरिकेतल्या रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांशी जोडली आणि लाटेमागचे चुंबकीय क्षेत्र थेट मोजले. स्फोटानंतर दशक उलटत आलेले असताना हे शक्य झाले, हे विशेष.

या सर्व खटाटोपाला विश्वशास्त्रात फार मोठे वजन आहे. १ए चे कमाल तेज त्याच्या ओसरण्याच्या वेगावरून काढता येते, म्हणून दीर्घिकांची अंतरे मोजायला तो वापरतात. १९९८ मध्ये दोन गटांना दूरचे १ए अपेक्षेपेक्षा मंद आढळले. विश्वाचे प्रसरण वेग घेत आहे, हा त्यातून निघालेला निष्कर्ष, आणि त्याला २०११ चे नोबेल मिळाले. २००० साली बॅनर्जी, नारळीकर, विक्रमसिंघे, हॉयल आणि बर्बिज यांनी निराळे स्पष्टीकरण मांडले. सुपरनोव्हातूनच बाहेर पडलेल्या धातूंचे सुईसारखे सूक्ष्म कण दीर्घिकांमधल्या पोकळीत पसरलेले असतील, तर त्यांच्यामुळेही हा मंदपणा येईल, असे त्यांचे म्हणणे. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ते स्वीकारले नाही. पण धुळीची शंका खरी होती आणि तिचा हिशेब आता प्रत्येक गटाला चोख मांडावा लागतो. वर्गवारीतली चूक इथे महागात पडते. १ए च्या यादीत चुकून १सी शिरला, तर दीर्घिकेचे अंतरच चुकते.

चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली चित्रे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा आरसा ८.४ मीटरचा, कॅमेरा ३२० कोटी पिक्सेलचा. रात्रीला सुमारे एक कोटी इशारे ती देईल, असा अंदाज आहे. तिला सापडणारे बहुतेक सुपरनोव्हा इतके मंद असतील, की त्यांची जात तेजाच्या आलेखावरून, रंगांवरून आणि दीर्घिकेच्या प्रकारावरून संभाव्यतेच्या भाषेतच सांगावी लागेल. ती संभाव्यता विश्वासार्ह ठरायची, तर नमुन्यादाखल काही हजार सुपरनोव्हांचे खरे वर्णपट हवेतच. मोठ्या दुर्बिणींचा वेळ सर्वांत मंद वस्तूंवर खर्च होईल. अठराव्या प्रतीच्या आसपासचे, तुलनेने जवळचे स्फोट दोन मीटरच्या दुर्बिणींकडे येतील. रुबिनच्या सर्वेक्षणातला खगोलीय विषुववृत्तालगतचा पट्टा गिरवलीहून दिसतो आणि हॅनलेहूनही.